१२ वर्षांनी परत कॉलेजचा कोर्स, तोही ऑनलाइन. काय काय तयारी करू?

पुन्हा_पहिला_बाक:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की मी १२ वर्षांनी परत शिकायला घेतलंय. पदवी अर्धवट राहिली होती, काही विषय बाकी आहेत, त्यातला पहिला घेतलाय संख्याशास्त्राची ओळख, ३ क्रेडिटचा, पूर्ण ऑनलाइन. सुरू व्हायला अजून ३ आठवडे आहेत. दिवसभराची नोकरी आहे, घरी ६ वर्षांचा मुलगा आहे आणि गणिताचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही, तो सिग्मा का काय तो उलटा पडलेला एम दिसला की अजून पोटात गोळा येतो.

आत्तापर्यंतची माझी तयारी म्हणजे एक लांबलचक खरेदीची यादी. नवा लॅपटॉप (आत्ताचा ५ वर्षं जुना आहे), दुसरा मॉनिटर, बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन, नोट्ससाठी पेनवाला टॅब्लेट, रिंग लाइट (लेक्चरला चेहरा अंधारात दिसू नये म्हणून, हसू नका), बरी खुर्ची आणि नोट्सचं एक पैसे भरून घ्यायचं ॲप. नवरा म्हणतो एवढ्यात अजून एक कोर्स होईल. मैत्रीण म्हणते ऑनलाइनच तर आहे, कशाला टेन्शन घेतेस, रेकॉर्डिंग असतं, सवडीने बघायचं.

तर ज्यांनी नोकरी सांभाळून असं काही केलंय त्यांनी सांगा, यातलं खरंच काय लागतं, आठवड्याला वेळ किती जातो, आणि या ३ आठवड्यांत मी नक्की काय करू?

---

वायरमन:

काही घेऊ नका. आधी थांबा.

५ वर्षं जुना लॅपटॉप या कामाला भरपूर झाला. ब्राउझर चालतो, व्हिडिओ अडकत नाही, कॅमेरा-माइक चालू आहेत, बॅटरी तासभर तरी टिकते, एवढं असलं की झालं. फक्त परीक्षा कॅमेऱ्यासमोर असेल तर ते परीक्षेचं सॉफ्टवेअर तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं का हे कॉलेजच्या पानावर बघून घ्या, कारण काही सॉफ्टवेअर जुन्या व्हर्जनवर चालतच नाहीत, टॅब्लेटवर तर बऱ्याचदा नाहीच नाही. आणि ऑफिसचा लॅपटॉप वापरायचा विचार असेल तर तो सोडा, त्यावर बाहेरचं काही इन्स्टॉल करायची परवानगी नसते आणि हे कळतं ते नेमकं परीक्षेच्या १० मिनिटं आधी.

पैसे घालायचेच असतील तर एका लांब नेटवर्क केबलवर घाला. लोक इंटरनेटचा प्लॅन वाढवत बसतात, पण लेक्चर अडकतं ते बहुतेक वेळा घरातल्या वायफायमुळे. राउटरला थेट केबल जोडली की निम्म्या तक्रारी संपतात. केबल नसेलच जमत तर राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन बँड दिसतील, एकाच खोलीत असाल तर ५ घ्या, वेगवान असतो, मध्ये दोन भिंती असतील तर २.४ घ्या, तो भिंतीतून जास्त नीट जातो. व्हिडिओ कॉलला ३-४ एमबीपीएस पुरतात, पण येणारा वेग बघून खूश होऊ नका, जाणारा पण बघा, आपला आवाज तुटतो तो त्याच्यामुळे.

मोबाइलचं हॉटस्पॉट लॅपटॉपला एकदा जोडून ठेवा, पासवर्ड सेव्ह करून. वीज किंवा नेट गेलं की मग पासवर्ड शोधत बसावं लागत नाही.

मॉनिटर दुसरा असला तर मजा येते, एकीकडे व्हिडिओ एकीकडे वही. पण टीव्हीला केबल लावून पण तेच होतं. रिंग लाइटऐवजी खिडकीकडे तोंड करून बसा, खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा दिसतो, बाकी काही नाही.

---

रातकिडा:

"ऑनलाइनच तर आहे" हे वाक्य मी पण ऐकलं होतं. तिसऱ्या आठवड्यात रडलो. रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर लिहितो.

---

चष्मेवाली:

ताई, मी नोकरी करत ४ वर्षांत एकेक विषय करून ऑनलाइन पदवी संपवली, आणि त्यात पहिलाच कोर्स मध्येच सोडला, त्यामुळे त्या सोडलेल्याबद्दलच लिहिते, जास्त उपयोग होईल.

तुमच्या मैत्रिणीचा "सवडीने" हा शब्द आहे ना, त्यानेच मला बुडवलं. माझी पण अशीच यादी होती, टेबल सजवलं होतं, रंगीत पेनं होती, सगळं होतं. फक्त वेळ नव्हता आणि तो नाहीये हेच मला माहीत नव्हतं. मी गृहीत धरलं होतं की रविवारी बसून उरकेन. पहिल्या रविवारी उरकलं पण. दुसऱ्या रविवारी पाहुणे, तिसऱ्या रविवारी मी आजारी, चौथ्या रविवारी बघते तर ११ रेकॉर्डिंग बघायची राहिलेली आणि दोन असाइनमेंटच्या तारखा उलटून गेलेल्या. मग काय, लाज वाटायला लागली म्हणून पोर्टल उघडायचंच बंद केलं. हे फार होतं बरं का, मागे पडलो म्हणून बघत नाही आणि बघत नाही म्हणून अजून मागे. शेवटी सोडायचं ठरवलं तेव्हा पैसे परत मिळायची तारीख जाऊन १० दिवस झाले होते. ती तारीख पहिल्या दिवसापासून सिलॅबसमध्ये लिहिलेली होती, मी सिलॅबस उघडलाच नव्हता.

दुसऱ्यांदा घेतला तेव्हा टाइमटेबल केलं नाही. उलट केलं. एक आठवडा काहीही न बदलता जसं जगते तसं जगले आणि झोपताना फक्त लिहिलं की आज मोकळा वेळ कुठे कुठे होता आणि किती. आठवड्याचा हिशोब आला ५ तास, आणि तो पण सगळा चुरा, १० मिनिटं इथे, २० मिनिटं तिथे. त्यात अभ्यास बसणारच नव्हता, मी कितीही मनाचा निर्धार केला असता तरी. तेव्हा कळलं की काय घ्यायचं याच्या यादीपेक्षा काय बंद करायचं याची यादी करायला हवी. मी दोन गोष्टी बंद केल्या, एक मालिका बघणं आणि दुसरं म्हणजे नात्यातल्या एकांचे हिशोब मी दर आठवड्याला करून द्यायचे ते. दुसरं बंद करणं फार जड गेलं, त्यांना वाईट पण वाटलं, पण ते ४ तास होते.

वेळेचा हिशोब हवा असेल तर ठोकळ असा धरतात. अमेरिकन पद्धतीचं क्रेडिट असेल तर १ क्रेडिटला आठवड्याला १ तास वर्ग आणि वर किमान २ तास आपला अभ्यास, असं साधारण १५ आठवडे. म्हणजे ३ क्रेडिटला आठवड्याला ९ तास. युरोपातलं ईसीटीएस क्रेडिट वेगळं असतं, तिथे १ क्रेडिट म्हणजे पूर्ण कोर्समधले २५ ते ३० तास. तुमचं कॉलेज कुठलं क्रेडिट मोजतं ते बघा, नुसत्या ३ या आकड्यावर जाऊ नका. आणि ऑनलाइन आहे म्हणून हे तास कमी होत नाहीत, फक्त जायचा-यायचा वेळ वाचतो.

तुम्हाला ३ आठवडे आहेत. पहिला आठवडा नुसतं लिहा. बाकी खरेदी नंतर.

---

पुन्हा_पहिला_बाक:

बापरे चष्मेवाली, वाचताना माझंच भविष्य वाचतेय असं वाटलं. लाज वाटून पोर्टल बंद, हे मी नक्की केलं असतं.

तुम्ही म्हणालात म्हणून आत्ता जाऊन सिलॅबस शोधला, मेलमध्ये ५ दिवसांपासून पडून होता. आणि आता मी घाबरलेय. त्यात लिहिलंय कोर्स ८ आठवड्यांचा आहे. मला वाटलं होतं १५ चा. कमी आठवडे म्हणजे कमी अभ्यास ना? कृपया हो म्हणा.

---

चष्मेवाली:

नाही हो. विषय तेवढाच, क्रेडिट तेवढेच, म्हणजे १५ गुणिले ९, एकूण १३५ तास, ते ८ आठवड्यांत बसवायचे. भागाकार करा.

---

पुन्हा_पहिला_बाक:

जवळपास १७. आठवड्याला १७ तास!!! अर्धवेळ नोकरीच झाली की ही.

---

रातकिडा:

हेच ते, ज्याच्यामुळे मी तिसऱ्या आठवड्यात रडलो. ८ आठवड्यांच्या कोर्सला एक आठवडा आजारी पडलात तर कोर्सचा आठवा भाग गेला. कॉलेजला विचारा हाच विषय पूर्ण सत्राच्या लांबीत पण देतात का, बऱ्याच ठिकाणी दोन्ही असतात आणि कोर्सच्या नावावरून फरक कळत नाही. बदलायची शेवटची तारीख असते, आजच मेल टाका, उद्या नाही.

---

खडू_आणि_कॅमेरा:

मी शिकवणाऱ्यांच्या बाजूचा. कॉलेजात शिकवतो, गेली काही वर्षं निम्मे वर्ग ऑनलाइन असतात, आणि विषय पण जवळचाच आहे, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळलात तर सोडून द्या.

आधी तुमचा सिग्मा. तो उलटा पडलेला एम नुसतं "सगळ्यांची बेरीज करा" एवढंच म्हणतो, बाकी काही नाही. या विषयाला जे गणित लागतं ते फार नसतं, बेरीज, भागाकार, वर्ग, वर्गमूळ, कंस आधी सोडवायचा हे भान, आणि टक्के-अपूर्णांक-दशांश यांची अदलाबदल. कॅल्क्युलस या पहिल्या कोर्सला सहसा लागत नाही. मी दर वेळी नव्या मुलांना एक काम देतो, तुम्ही पण करा. २, ४, ४, ६, ९ या ५ संख्या घ्या. बेरीज २५, सरासरी ५. आता प्रत्येक संख्या सरासरीपासून किती लांब आहे ते लिहा: उणे ३, उणे १, उणे १, १, ४. यांची बेरीज शून्यच येते, नेहमीच, म्हणून त्यांचे वर्ग करतात: ९, १, १, १, १६, बेरीज २८. त्याला ५ ने नाही तर ४ ने भागायचं, ७ आले, त्याचं वर्गमूळ साधारण २.६५. हे झालं प्रमाण विचलन, अर्ध्या कोर्सभर हेच तुमच्या मागे फिरणार आहे. ५ ऐवजी ४ ने का भागलं हा प्रश्न डोक्यात आला असेल तर तुमचं गणित वाईट नाही, तो प्रश्न पहिल्या आठवड्यात शिक्षकांना विचारा.

आता हेच स्प्रेडशीटमध्ये करून बघा. तिथे याची दोन फंक्शनं असतात, एक २.६५ देईल आणि दुसरं २.३७. दुसरं ५ ने भागतं. हाताने एकदा केलेलं असलं तर हा फरक बघून हसू येतं, नाही तर असाइनमेंटमध्ये उत्तर चुकतं आणि का चुकलं ते रात्री ११ वाजता कळत नाही. या ३ आठवड्यांत स्प्रेडशीटशी मैत्री करा, टॅब्लेटपेक्षा कितीतरी उपयोगी.

रात्री ११ वरून आठवलं. डेडलाइन ११:५९ ची असते ती कुणाच्या घड्याळातली? कॉलेज दुसऱ्या टाइम झोनमध्ये असेल तर पोर्टलच्या सेटिंगमध्ये स्वतःचा टाइम झोन निवडा, तरी सिलॅबसमध्ये काय लिहिलंय ते वेगळं तपासा. काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळ तासाने पुढेमागे करतात, सत्राच्या मध्येच तसं झालं तर तुमचं लाइव्ह लेक्चर अचानक तासभर सरकतं, दर वर्षी दोन-तीन जण हजेरी बुडवतात याने. आणि कुणी "शुक्रवारी रात्री १२ वाजेपर्यंत" असं लिहिलं असेल तर गुरुवार संपतानाचे १२ की शुक्रवार संपतानाचे, हे विचाराच. विचारल्याने कुणी हसत नाही.

लाइव्ह आहे की रेकॉर्डेड हे पण बघून घ्या. लोकांना वाटतं रेकॉर्डेड बरं. मला उलटं वाटतं. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ साली शिकवायला सुरुवात केली तेव्हा धडे टीव्ही-रेडिओवर लागायचे, ठरलेल्या वेळी, चुकला तर चुकला, घरी रेकॉर्ड करायची सोय क्वचितच कुणाकडे. गैरसोयीचंच होतं ते, पण "उद्या बघू" म्हणायची सोय नव्हती. तुमचा कोर्स रेकॉर्डेड असेल तर तो लाइव्ह असल्यासारखा वागवा, मंगळवारी ८ म्हणजे मंगळवारी ८.

आम्हाला काय दिसतं ते पण सांगतो. बहुतेक पोर्टलमध्ये तुम्ही शेवटचं कधी आलात, कुठली फाइल उघडली, हे शिक्षकाला दिसतं. पाळत म्हणून नव्हे, पण एखादा १० दिवस फिरकला नाही की मी मेल टाकतो. त्या मेलला उत्तर द्या! चष्मेवालींनी लिहिलंय ना लाज वाटते, अगदी तसंच होतं, मुलं उत्तरच देत नाहीत, आणि मी तर मुदत वाढवून द्यायलाच मेल केलेला असतो. "मी दोन आठवडे मागे आहे, कुठून सुरू करू?" एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं तरी पुढचं जमतं. मुदतीच्या आधी आलेला मेल आणि मुदत उलटून गेल्यावर आलेला मेल यात मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मेलच्या विषयात कोर्सचं नाव लिहा. मला एका सत्रात ३ वेगवेगळ्या वर्गांचे "सर एक शंका" या विषयाचे मेल येतात, कोण कुठला तेच कळत नाही.

---

निळी_शाई:

खडू सरांना अनुमोदन. माझ्याकडून एकच, नोट्स हाताने लिहा, लॅपटॉपवर नको. २०१४ साली म्युलर आणि ओपनहायमर यांचा अभ्यास आला होता, लॅपटॉपवर टाइप करणारे शिक्षकाचा शब्द न् शब्द उतरवत बसतात आणि समजून घ्यायच्या प्रश्नांत मागे पडतात, हाताने लिहिणाऱ्याला लिहायला वेळ लागतो म्हणून तो आपोआप निवडून लिहितो.

---

रातकिडा:

त्या अभ्यासावर नंतर बराच वाद झालाय, परत करून बघितला तेव्हा फरक तेवढा ठळक आला नाही. टाइप करायचं असेल तर करू दे की त्यांना. मला वाटतं हाताने का टाइप यापेक्षा नोट्सचं पुढे काय करता हे महत्त्वाचं. मी पानंच्या पानं सुंदर अक्षरात लिहिली होती आणि परीक्षेआधी ती ४ वेळा वाचली, वाचताना सगळं येतंय असं वाटलं, पेपर समोर आला आणि पाटी कोरी.

---

निळी_शाई:

बरं, ते मान्य. तुमच्या कोऱ्या पाटीचं उत्तर पण आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली हेच करून बघितलं होतं. एका गटाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न बघता आठवेल ते लिहिलं. ५ मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे, आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. तेव्हा रेकॉर्डिंग संपलं की लगेच दुसरं लावायचं नाही, लॅपटॉप मिटायचा आणि कोऱ्या कागदावर काय आठवतंय ते लिहायचं. पहिल्यांदा ३ ओळी येतात आणि फार वाईट वाटतं, ते वाटू द्यावं.

आणि गणित दीडपट वेगाने बघू नका, प्लीज. व्हिडिओ थांबवायचा, पुढची पायरी स्वतः करायची, मग चालू करून बघायचं बरोबर आलं का. म्हणजे ४० मिनिटांच्या व्हिडिओला दीड तास धरा.

---

वायरमन:

२५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं ब्रेक वालं कुणी सुचवलं नाही अजून? मला ते फार चालतं.

---

चष्मेवाली:

वाचनाला चालतं, गणित सोडवताना माझा तर बरोबर सूर लागला की घंटा वाजायची. शिवाय घरात ६ वर्षांचं मूल असेल तर ब्रेक वेगळा ठरवावा लागत नाही, तो चालत येतो :)

---

कानाने_वाचणारा:

एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहितो. मला दिसत नाही, मी स्क्रीन रीडरवर शिकतो. ज्यांना कुठलीही अडचण आहे, बघण्याची, ऐकण्याची, वाचनाची, लक्ष लागण्याची, हाताची, त्यांनी कोर्स सुरू व्हायच्या आधी कॉलेजच्या संबंधित विभागाला कळवावं. जादा वेळ, सबटायटल, लिखित प्रत, हे बहुतेक ठिकाणी मिळतं, पण कागदपत्रं द्यावी लागतात आणि त्यात दिवस जातात, आणि सवलत साधारणपणे मंजूर झाल्यानंतरच्या परीक्षांनाच लागू होते, आधी झालेल्या परीक्षेला मागून नाही मिळत. माझ्या एका कोर्सला सगळी सूत्रं चित्र म्हणून टाकलेली होती, स्क्रीन रीडर प्रत्येक ठिकाणी नुसतं "चित्र" म्हणायचा. शिक्षिका चांगल्या होत्या, दोन आठवड्यांत बदलून दिलं, पण ते दोन आठवडे माझे गेलेच. आता मी कोर्स उघडला की पहिल्या दिवशी प्रत्येक विभागातली एकेक फाइल उघडून बघतो.

हे सगळ्यांनीच करावं खरं तर. एक फाइल उतरवून बघा, एक व्हिडिओ चालवून बघा, एक रिकामी फाइल अपलोड करून बघा चालत असेल तर.

---

वायरमन:

+१. आणि वहीत सोडवलेली गणितं अपलोड करायला मोबाइलचं स्कॅन ॲप वापरा, एकच पीडीएफ करा, ७ वेगवेगळे आडवे फोटो नका पाठवू, खडू सर आशीर्वाद देतील. अपलोड झाल्यावर स्वतः ती फाइल परत उघडून बघा, मी एकदा असाइनमेंटच्या जागी विजेचं बिल अपलोड केलं होतं.

---

खडू_आणि_कॅमेरा:

विजेचं बिल मला पण आलंय. आपण एकमेकांना ओळखत तर नाही ना?

---

पुन्हा_पहिला_बाक:

परत आले, ९ दिवसांनी. सगळ्यांना उत्तर एकत्रच देते.

कॉलेजला त्याच रात्री मेल टाकला होता. हाच विषय १५ आठवड्यांच्या सत्रात पण आहे, सुरू त्याच तारखेला होतोय, आणि बदलायची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती!! बदलला. रातकिडा, तुमचं "आजच, उद्या नाही" वाचलं नसतं तर गेलं होतं.

आठवडाभर लिहिलं पण. माझे निघाले साडेसहा तास, मला वाटलं होतं १२ तरी असतील. त्यातले ३ रात्री साडेदहानंतरचे, त्या वेळी मी संख्याशास्त्र काय, स्वतःचं नाव पण नीट लिहू शकत नाही, म्हणजे खरे साडेतीन. मग नवऱ्याला कागद दाखवला, भांडण झालं थोडं, मग दोघांनी मिळून बसवलं. मंगळवार आणि गुरुवार संध्याकाळ मुलगा पूर्ण त्याच्याकडे, मी दार लावून आत, ते ५ तास, आणि शनिवारी सकाळी ४. एकूण ९. रात्रीचे ३ तास हिशोबात धरलेच नाहीत, ते असू देत अडीअडचणीला. या बदल्यात मी ऑफिसमधलं एक जास्तीचं काम सोडलंय जे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच अंगावर घेतलेलं.

खरेदीत फक्त केबल घेतली. रिंग लाइट रद्द, टेबल खिडकीकडे फिरवलं. त्या ५ संख्या मी दोनदा सोडवल्या, पहिल्यांदा वर्ग करायचे विसरले आणि बेरीज शून्य आली तेव्हा वाटलं मीच काहीतरी मोडलं. २.३७ वालं पण सापडलं स्प्रेडशीटमध्ये, खरंच हसू आलं.

आता एकच अडकलंय. परीक्षा दोन आहेत, दोन्ही कॅमेऱ्यासमोर, आणि सूचनांत लिहिलंय की सुरुवातीला कॅमेरा फिरवून खोली दाखवायची आणि परीक्षेत खोलीत दुसरं कुणी येता कामा नये. मुलगा दाराला कडी असली तरी बाहेरून "आई" करून हाका मारतो, ते आवाज माइकमध्ये जातात. असं झालं तर बाद करतात का?

---

खडू_आणि_कॅमेरा:

आमच्याकडे तरी नुसत्या बाहेरच्या हाकेवर कुणाला बाद करत नाही. सॉफ्टवेअर त्या जागी खूण करतं, मग माणूस ते रेकॉर्डिंग बघतो. पण प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, म्हणून आत्ताच शिक्षकांना मेल करून कळवा की घरात लहान मूल आहे, आवाज येऊ शकतो. तुम्ही मागे वळून उत्तर द्यायला लागलात किंवा उठलात तर मात्र प्रश्न येतो. बहुतेक वेळा सरावाची एक खोटी परीक्षा ठेवलेली असते, मार्क नसतात म्हणून कुणी देत नाही, तुम्ही द्या.

---

चष्मेवाली:

आणि परीक्षेच्या वेळी मुलाला बाबांबरोबर घराबाहेरच पाठवा ना. मी तेच करायचे, शिवाय दारावर कागद चिकटवायचे.

---

पुन्हा_पहिला_बाक:

बाहेर पाठवणारच. कागदाचं आज त्याला सांगितलं, त्याला अजून जोडाक्षरं येत नाहीत म्हणून त्याने स्वतःच एक चित्र काढून दारावर लावलंय, लॅपटॉपसमोर बसलेली मी आणि बाजूला मोठ्ठं लाल कुलूप. खोटी परीक्षा शनिवारी देते, कळवते कसं झालं.